सातमाशी वाचते, अठमाशी वाचत नाही

बऱ्याच दिवसांनी एक शनिवार मोकळा सापडलाय. गुरुवारी रिलीज गेली, कुणाचा फोन नाही, बाहेर ऊन मी म्हणतंय. म्हणून गेली दोनेक वर्षं डोक्यात घोळत असलेला विषय एकदाचा लिहून काढतो. जरा लांबण लागेल, तेव्हा मंडळी, चहा घेऊनच बसा.

२०२३ साली पोळ्याच्या आठवड्यात माझ्या ताईला रात्री अचानक कळा सुरू झाल्या. डॉक्टरांनी दिलेली तारीख होती थेट दिवाळीतल्या पाडव्याची. म्हणजे अजून नऊ आठवडे बाकी! भाऊजींनी घाटंजीहून गाडी काढली, यवतमाळ गाठलं आणि पहाटेच्या आत मी मामा झालो. वजन १४०० ग्रॅम. आमच्या ऑफिसच्या लॅपटॉपचं वजन याहून जास्त आहे. मी तेव्हा हिंजवडीत ऑन-कॉलवर. सकाळी मॅनेजरला दोन ओळींचा मेल टाकला आणि मिळेल त्या गाडीनं निघालो.

पोचलो तेव्हा आजी दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसली होती. मला बघून पहिला प्रश्न : "सातवा का आठवा रे?"

"एकतिसावा आठवडा, आजी. म्हणजे आठवा लागला."

आजीनं पदर तोंडाला लावला. "सातमाशी वाचते बाप्पा. अठमाशी नाही वाचत."

मी इंजिनिअर माणूस, मला याचा राग आला. जास्त दिवस पोटात राहिलेलं बाळ कमी पिकलेलं कसं असेल? साधं गणित आहे. मी तिथंच लेक्चर द्यायला सुरुवात केली, आईनं डोळ्यांनी गप्प बसवलं. नंतर कळलं की हा समज केवळ आपल्याकडचा नाही. ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या नावावर जो ग्रंथसंग्रह आहे त्यात 'आठ महिन्यांच्या बाळाविषयी' असं एक स्वतंत्र प्रकरणच आहे, आणि त्यातलं म्हणणंही आजीसारखंच. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही. दोन हजारांहून जास्त वर्षं टिकलेला बग म्हणायचा हा. तो इतका का टिकला याचा माझा आपला एक अंदाज आहे. पूर्वी तारखा कोण लिहून ठेवत होतं? पूर्ण दिवसांचं पण अशक्त बाळ झालं की त्याला सातमाशी म्हणत, आणि ते जगे. (शिवाय लग्नानंतर सात महिन्यांत झालेलं चांगलं गुटगुटीत बाळही सातमाशीच असतं, नाही का! :) ) थोडक्यात, डेटाच गडबड होता.

असो. आजीच्या त्या वाक्यामागं दुसरंही काही होतं, ते पुढं सांगतो.

नवजात अतिदक्षता विभागात दिवसातून थोडाच वेळ सोडायचे. हात कोपरापर्यंत धुवायचे, गाऊन घालायचा, मग आत. पहिल्या दिवशी मी काय पाहिलं असेल? मॉनिटर. हृदयाचे ठोके, श्वास, ऑक्सिजन, तीन रंगांच्या तीन रेघा. आकडा ९१ वरून ८८ वर आला की माझ्या पोटात गोळा. पाच मिनिटांत मी मनातल्या मनात सरासरी काढायला लागलो होतो. तिथल्या सिस्टरबाई हे बघत असाव्यात. म्हणाल्या, "भाऊ, मॉनिटर काय पाहून राहिले? लेकराकडे पाहा ना."

मग त्यांनी दाखवलं. "हे पाहा, बोटं कशी फाकवली. पाठ ताणली. आता उचकी लागली. म्हणजे तिला त्रास होऊन राहिला, आपला आवाज जास्त झाला." त्यांनी पेटीवर (आमच्याकडे इनक्युबेटरला पेटीच म्हणतात, 'बाळ पेटीत ठेवलं') दुपटं टाकून उजेड कमी केला, गुंडाळलेल्या कापडाचं एक वळं भाचीच्या भोवती घरट्यासारखं लावलं आणि एक हात डोक्यावर, एक पायांवर असा नुसता ठेवला. चोळलं नाही, थोपटलं नाही. दोन-तीन मिनिटांत फाकलेली बोटं मिटली, हात तोंडाकडं गेला. आणि मजा म्हणजे मॉनिटरवरचा आकडाही ९४ झाला.

त्या रात्री लॉजवर झोप येईना, म्हणून मोबाईलवर शोधायला बसलो की हे बाईंना कुणी शिकवलं. म्हणजे, हे मुळात कुणी आणि कधी शोधलं. तिथून पुढचे कित्येक शनिवार-रविवार मी याच्यामागं घालवलेत.

गोष्टीची सुरुवात पॅरिसमध्ये होते, तीही कोंबडीच्या अंड्यांपासून. स्तेफान तार्निए नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते. त्यांनी अंडी उबवायचं यंत्र बघितलं आणि ते बनवणाऱ्यालाच बाळांसाठी तसलंच यंत्र करायला सांगितलं. १८८० साली पॅरिसच्या मॅटर्निटी रुग्णालयात गरम पाण्यावर चालणाऱ्या पेट्या आल्या. दोन किलोच्या आतल्या बाळांपैकी पूर्वी ६६ टक्के दगावत, ते प्रमाण ३८ टक्क्यांवर आलं. औषध नाही, ऑपरेशन नाही, फक्त ऊब. त्यांचे शिष्य पिएर बुदँ यांनी पुढची महत्त्वाची गोष्ट सांगितली, की पेटीमुळे आई बाळापासून तोडू नका. लोकांनी पहिलं ऐकलं, दुसरं शंभर वर्षं ऐकलं नाही.

ऐकलं नाही म्हणजे किती? तर अमेरिकेत मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थांनी या बाळांचं चक्क प्रदर्शन मांडलं. न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडच्या जत्रेत १९०३ ते १९४३, चाळीस उन्हाळे. पंचवीस सेंटचं तिकीट काढायचं आणि काचेतली बाळं बघायची. आपल्या जत्रेत मौत का कुआँ असतो तसं, शेजारी झुले-पाळणे. हे गृहस्थ खरंच डॉक्टर होते का याचीही इतिहासकारांना शंका आहे. पण त्या तिकिटाच्या पैशावर त्यांनी हजारो बाळं जगवली आणि आईबापांकडून एक पैसा घेतला नाही. त्या काळी बहुतेक रुग्णालयं अशी बाळं घ्यायलाच तयार नव्हती. या माणसाला शिव्या द्याव्यात की नमस्कार करावा हे माझं अजून ठरलेलं नाही.

मग यंत्रयुग आलं आणि त्याबरोबर एक भयंकर प्रकार झाला. १९४० च्या दशकात चांगल्यात चांगल्या, श्रीमंतांतल्या श्रीमंत रुग्णालयांतून वाचून घरी गेलेली बाळं आंधळी होऊ लागली. १९४२ साली बॉस्टनच्या टेरी नावाच्या नेत्रतज्ज्ञांनी हा आजार नोंदवला. कारण सापडायला दहा-बारा वर्षं गेली. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी बोट ठेवलं ते ऑक्सिजनवर, आणि १९५३-५४ मध्ये अमेरिकेतल्या अठरा रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीत ते सिद्ध झालं. जीव वाचावा म्हणून हात सैल सोडून दिलेला ऑक्सिजनच डोळ्यांच्या पडद्यावर उठला होता. तोवर जगभरात सुमारे दहा हजार मुलं दृष्टी गमावून बसली होती. गायक स्टीव्ही वंडर (जन्म १९५०) हा त्यांतलाच एक. मग घाबरून ऑक्सिजन इतका कापला की बाळं श्वासाविना दगावू लागली. आमच्या भाषेत सांगायचं तर एक बग फिक्स करताना दुसरा घातला, आणि टेस्टिंग प्रॉडक्शनवर झालं. फक्त इथं प्रॉडक्शन म्हणजे लेकरं.

हा किस्सा लक्षात ठेवा, आमच्या घरात तो परत येणार आहे.

१९६३ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि ३९ तासांत गेला. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाच्या पोराला श्वास देणारं साधन त्या दिवशी पृथ्वीवर नव्हतं. त्यानंतर मात्र चक्रं वेगानं फिरली. १९७१ मध्ये नाकातोंडावाटे सतत दाब देणारं साधं तंत्र, १९७२ मध्ये आईला इंजेक्शन देऊन बाळाची फुप्फुसं पिकवणं, १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी फुप्फुसात सोडायचं औषध. ही तिन्ही नावं मी दवाखान्याच्या बिलात आणि फाईलमध्ये वाचली. ताईलाही प्रसूतीआधी ते इंजेक्शन मिळालं होतं. यावर लिहायला एक वेगळी पोस्ट लागेल, आज नको.

मला जास्त रस आहे तो मोजमापात. कारण बाळ वाचायला लागली तसा प्रश्न बदलला. आधी विचारायचे, जगेल का? आता विचारू लागले, कसं जगेल? आणि हे मोजायचं कसं?

पहिली अडचण तर वयाचीच. १९६१ पर्यंत जागतिक आरोग्य संघटनेच्या लेखी अडीच किलोच्या आतलं प्रत्येक बाळ 'अकाली' होतं. पण आपल्या भागात पूर्ण नऊ महिने भरूनही दोन किलोचं बाळ होतं, कारण आईच उपाशी आणि रक्त कमी. ते लहान आहे, कच्चं नाही. दोघांचे धोके वेगळे. मग १९७० मध्ये इंग्लंडच्या डुबोविट्झ दांपत्यानं आणि १९७९ मध्ये अमेरिकेच्या जीन बॅलार्ड बाईंनी असं काही काढलं की मी वाचून खूश झालो. तारीख विचारायचीच नाही, बाळालाच विचारायचं! तळपायावर रेघा किती, कानाची पाळी दुमडून सोडली तर किती झटकन उघडते, अंगावर लव किती, हात गळ्याभोवती ओढणीसारखा ओढला तर कोपर कुठवर जातं, टाच कानाकडं किती सहज नेता येते. बॅलार्डच्या कोष्टकात अशा बारा खुणा आहेत, सहा अंगावरच्या आणि सहा स्नायूंच्या. प्रत्येकीला गुण द्यायचे आणि बेरजेवरून आठवडे काढायचे. वीज नको, यंत्र नको. झरी-जामणीच्या एखाद्या पोडावरून आलेल्या कोलाम बाईला पाळीची तारीख सांगता येत नसेल, सोनोग्राफी झालेली नसेल, तरी बाळाचे तळपाय खोटं बोलत नाहीत.

सिस्टरबाईंनी भाचीची जी भाषा मला वाचून दाखवली तिचा उगम बॉस्टनला आहे. १९७३ मध्ये तिथल्या बेरी ब्रॅझल्टन यांनी नवजात बाळाची वर्तन-तपासणी प्रसिद्ध केली. त्यांचं म्हणणं, बाळ म्हणजे मातीचा गोळा नाही, ते पहिल्या दिवसापासून बघतं, ऐकतं, नको असेल तर तोंड फिरवतं. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या हायडेलिझ आल्स यांनी १९८० च्या दशकात हेच अकाली बाळांपर्यंत नेलं. त्यांनी तासन् तास पेटीशेजारी उभं राहून नुसतं पाहिलं. बोटं फाकणं, जांभई, उचकी, रंग बदलणं म्हणजे 'आता पुरे'. हात तोंडाशी नेणं, चोखणं, शांत नजर म्हणजे 'मी सावरतोय'. त्यावरून उजेड, आवाज, हाताळणी, झोप हे सगळं त्या एका बाळाच्या मानानं ठरवायचं. विकासपूरक देखभाल म्हणतात ती ही.

इथं प्रामाणिकपणे सांगायला हवं की आल्स यांच्या पूर्ण पद्धतीनं मुलांची बुद्धी पुढं वाढते असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. २०१३ मध्ये सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा दूरगामी फायदा दिसला नाही. पण मला विचाराल तर हा वाद थोडा विचित्र आहे. झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर ट्यूबलाईट लावू नये हे सिद्ध करायला चाचणी कशाला हवी? १९८० च्या दशकापर्यंत तर नवजात बाळांना दुखतच नाही असं मानून पुरेशा भुलीशिवाय ऑपरेशनं होत असत. १९८७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डॉ. आनंद यांनी, हे आपले भारतीय, दाखवून दिलं की भूल नीट दिली तर बाळं ऑपरेशन जास्त चांगलं सोसतात. तेही कुणीतरी आकड्यांत मांडून द्यावं लागलं!

आता आपल्याकडचं.

मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. आई आजारी असेल किंवा दूध उतरत नसेल तर दुसऱ्या आईचं दूध. महागड्या मशीनच्या मागं न लागता जंतुसंसर्ग रोखायचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग. आणि छातीशी धरून ऊब द्यायची कांगारू पद्धत तर कोलंबियातल्या बोगोटाची, १९७८ ची. तिथं पेट्या कमी पडत होत्या म्हणून एदगार रेय या डॉक्टरांनी आईलाच पेटी केलं. २०२१ मध्ये पाच देशांतली (त्यात दिल्लीचं सफदरजंगही होतं) मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. जन्मल्याबरोबर कांगारू पद्धत सुरू केलेल्या गटात १२ टक्के बाळं दगावली, नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट की चाचणी मधेच थांबवावी लागली. बुदँचं ऐकायला एकशेवीस वर्षं लागली म्हणायची.

मोजमापाच्या बाबतीत मात्र मला एका मराठी नावाचा शोध लागला आणि छाती फुगली. बाळाची वाढ मोजायची बेलीची परीक्षा अमेरिकन. तिकडची बाळं, तिकडची खेळणी, तिकडचे आकडे. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी आपल्या बाळांवर काम करून १९७० च्या सुमारास बडोदा प्रमाणकं तयार केली. (सयाजीरावांचं बडोदं म्हणजे मराठी माणसाला काही परदेश नाही.) पुढं नव्वदच्या दशकात त्यांची सुधारित आवृत्ती पुण्याहून प्रसिद्ध झाली, ती म्हणजे 'डासी'. जन्मापासून अडीच वर्षांपर्यंत, हालचालीच्या ६७ आणि मानसिक वाढीच्या १६३ पायऱ्या. कुठल्या महिन्यात आपलं बाळ मान धरतं, घंटेकडं वळतं, ठोकळा एका हातातून दुसऱ्या हातात घेतं, चिमटीत बारीक गोळी पकडतं. आज देशभर अकाली बाळांची तपासणी होते तेव्हा ही पेटी टेबलावर येते. आपण सॉफ्टवेअरवाले लोकलायझेशनच्या गप्पा मारतो, या बाईंनी ते कंप्युटर नसताना केलं होतं.

आणि पुण्याचं केईएम. तिथं डॉ. सुधा चौधरी यांनी १९८७ ते ८९ या काळात नवजात विभागातून घरी गेलेली, दोन किलोच्या आत जन्मलेली बाळं धरली आणि सोडलीच नाहीत. सहाव्या वर्षी तपासली, बाराव्या वर्षी तपासली, अठराव्या वर्षीही तपासली. अठराव्या वर्षापर्यंत १६१ मुलं त्यांच्या हाताशी होती. आपल्या देशात लोक घर बदलतात, फोन बदलतात, गाव बदलतात. माझ्या कंपनीला तीन वर्षांपूर्वीचा ग्राहक सापडत नाही! २०१३ मध्ये आलेला निष्कर्ष असा की या मुलांची बुद्धी सर्वसाधारण मर्यादेतच होती, पण बरोबरीच्या मुलांपेक्षा थोडी कमी. बाराव्या वर्षाच्या तपासणीत दिसलं होतं की अडचण येते ती लिहिण्यात, गणितात आणि डोळा-हाताच्या मेळात. म्हणजे मूल चालतं, बोलतं, हसतं, सगळे म्हणतात छान आहे, आणि चौथी-पाचवीत मास्तर त्याला 'ढ' ठरवतात. त्याच्या दप्तरात कुणी 'हा बत्तीस आठवड्यांचा होता' असं लिहून ठेवलेलं नसतं.

आता आजीचं सांगतो. भाचीला चौथा दिवस होता. आजी एकदम म्हणाली, "चारच दिवस होता तो." कोण? तर १९६४ साली आजीला आठव्या महिन्यात मुलगा झाला होता. म्हणजे माझा एक काका. आमच्या घरात कुणालाच हे माहीत नव्हतं, आईलासुद्धा नाही. आमचा कापसाचा जिल्हा, घरात कापूस ढिगानं. पणजीनं त्याला पिंजलेल्या कापसात गुंडाळून सुपात ठेवलं, सूप चुलीशेजारी. "गरम होता तो. शेवटपर्यंत गरम होता," आजी म्हणाली. पण दूध ओढेना. वातीनं थेंब थेंब टाकायच्या, तर ठसका लागायचा.

मी तोवर इतकं वाचून बसलो होतो की मला कळत होतं तिथं काय घडलं. चौतीस आठवड्यांच्या आधी चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हीचा ताळमेळ बाळाला जमत नाही. भाचीला नाकातून बारीक नळी होती आणि तिच्यातून ताईचं काढलेलं दूध दर दोन तासांनी जात होतं. पणजीनं तार्निएइतकं तरी केलं होतं. एक नळी नव्हती. हे मी आजीला सांगितलं नाही. पण सातमाशी-अठमाशीवर परत कधी वादही घातला नाही.

पणजीच्या त्या सुपाची आठवण मला गडचिरोलीचं वाचताना पुन्हा आली. यवतमाळहून मधे चंद्रपूर ओलांडलं की गडचिरोली. तिथं डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९३ ते ९८ मध्ये ३९ गावांत प्रयोग केला. गावातलीच थोडी शिकलेली बाई निवडायची, तिला वजन करायला, श्वास मोजायला, बाळाला उबदार पिशवीत ठेवायला, दूध कसं पाजायचं हे दाखवायला शिकवायचं. ती घरी जाऊन बाळ बघणार. अकाली जन्मलेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण ३३.३ टक्क्यांवरून १०.२ टक्क्यांवर आलं. तीनातलं एक जायचं, ते दहातलं एक झालं. दवाखान्यात नाही, घरात! १९९९ च्या डिसेंबरमध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये आलं, आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई नवजात बाळ बघायला घरी जाऊ लागल्या त्यामागं हेच काम आहे. १९६४ साली घाटंजीत अशी एक बाई असती तर, असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

आता त्या ऑक्सिजनच्या किश्शाकडं येतो. चोविसाव्या दिवशी भाचीला घरी सोडलं. वजन १७०० च्या वर, चोखून दूध पिते, सगळे खूश. पेढे वाटले. डिस्चार्ज कार्डावर औषधं, लस, पुढची तारीख. मी सवयीनं कार्ड वरपासून खालपर्यंत वाचलं. तळाशी छापील इंग्रजीत 'आरओपी तपासणी' अशी ओळ होती आणि तिच्यापुढं रिकामी जागा. कुणी काही लिहिलेलं नाही, कुणी काही सांगितलेलं नाही. आरओपी म्हणजे डॉ. टेरींनी १९४२ मध्ये पाहिलेला तोच आजार, आजचं नाव. आपल्याकडचा नियम असा की दोन किलोच्या आतलं किंवा चौतीस आठवड्यांच्या आधीचं बाळ असेल तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत पडदा तपासायचा, आणि फारच लहान असेल तर त्याहून लवकर. बाहेरून डोळा छान दिसतो. वेळेत कळलं तर लेसरनं बहुतेकदा दृष्टी वाचते, उशीर झाला तर काही करता येत नाही.

घरात सांगितलं तर सगळे माझ्यावरच उखडले. एवढंसं लेकरू, कुठं नेता आता प्रवासात? सव्वा महिना तरी होऊ द्या! भाऊजी म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलं असतं ना. त्यांचंही चूक नव्हतं. मी मोबाईलवर वाचलेलं एका बाजूला, दवाखाना दुसऱ्या बाजूला. शेवटी आजी बोलली : "न्या तिला. पाहून तर येऊ द्या." सत्ताविसाव्या दिवशी ताईच्या छातीशी बांधून, वर शाल, असं नागपूरला नेलं. पहिल्या पायरीचा आरओपी निघाला, दोन्ही डोळ्यांत. लेसर लागला नाही, पण दर दोन आठवड्यांनी चकरा मारायच्या. दसरा, दिवाळी, सगळं नागपूरच्या रस्त्यावर. डिसेंबरमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, पडदा पूर्ण भरला.

मी त्या दवाखान्याला दोष द्यायला बसलेलो नाही, त्यांनी पोरीचा जीव वाचवलाय. पण जिल्ह्याच्या ठिकाणी जीव वाचवायची सोय आली आणि नंतरचं बघायची सोय तिच्या मानानं मागं राहिली, हे मला स्वच्छ दिसलं. कागदावर आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला तो आपल्या पालघरमधून, आणि त्यात वाढीतली दिरंगाई लवकर ओळखायला जिल्हा पातळीवर केंद्रं धरलेली आहेत. पण वणी किंवा उमरखेडच्या खेड्यातली मजुरी करणारी बाई दर तीन महिन्यांनी रोज बुडवून, एसटीचं भाडं भरून 'सगळं छान आहे' हे ऐकायला येईल का? केईएमनं अठरा वर्षं मुलं टिकवून धरली यामागं कुणीतरी घरोघर पत्ते शोधत फिरलं असेल. ते काम मशीन विकत घेऊन होत नाही.

आमच्याकडची गंमत वेगळीच होती. भाचीचं वय दोन-दोन. एक पोळ्यापासूनचं आणि एक पाडव्यापासूनचं. अकाली बाळाची वाढ तपासताना दोन वर्षांपर्यंत सुधारित वय धरतात, म्हणजे आधी आलेले आठवडे वजा करायचे. हे नातेवाईकांना समजावताना नाकी नऊ आले. "सहा महिन्यांची झाली, अजून बसत नाही?" "मावशी, ती चारचीच आहे." "म्हणजे?" मग मी कॅलेंडर काढायचो. ताईनं शेवटी फ्रिजवर कागदच चिकटवला : आज वय इतकं, हिशोबाचं वय इतकं.

हिशोबाच्या एका वर्षाला, २०२४ च्या नोव्हेंबरात, 'डासी'ची तपासणी झाली. मी मुद्दाम सुट्टी काढून गेलो. लाल कडी, घंटा, लाकडी ठोकळे, कप. प्रमिला फाटकांचं नाव वाचलेलं असल्यामुळे मला ती पेटी देवघरातल्या डब्यासारखी वाटत होती. मॅडमनी दोन ठोकळे दिले, तिसरा पुढं केला. भाची विचारात पडली. मग एक ठोकळा ताईच्या मांडीवर ठेवला आणि तिसरा घेतला. मॅडमनी कागदावर खूण केली. मी परीक्षेला बसल्यासारखा घामाघूम. बहुतेक ठिकाणी वयाप्रमाणे, हालचालीत थोडी मागं. काही व्यायाम दाखवले, तीन महिन्यांनी परत बोलावलं.

शेवटची तपासणी २०२५ च्या नोव्हेंबरात झाली, हिशोबाच्या दोन वर्षांची. हालचालही आता वयाला आली होती. मॅडम म्हणाल्या, यापुढं नऊ आठवडे वजा करायचे नाहीत, पण शाळेत जायला लागली की लिहिण्याकडं आणि आकड्यांकडं लक्ष ठेवा, आणि शाळेत सांगून ठेवा. ताईनं घरी येऊन फ्रिजवरचा कागद काढला.

आजीनं विचारलं, "मंग आता हिचा वाढदिवस कोणता धरायचा? पोळ्याचा का पाडव्याचा?"

"पोळ्याचा," ताई म्हणाली.

आजीनं बोटं मोजली आणि म्हणाली, पुढच्या पोळ्याला तान्ह्या पोळ्यासाठी हिला लाकडी नंदी आणावा लागेल.